"थोडक्यात वाचलो" हे लिहून ठेवा: सायकलवाल्यांच्या ऑनलाइन रिपोर्टांमधून रस्ता कसा सुधारून घ्यायचा

रोज सायकल चालवणाऱ्या कुणालाही विचारा की बाबा तुला वाटेत कुठे भीती वाटते, तो एका दमात चार जागा सांगेल. त्या वळणावर बस अंगावर येते, पुलाच्या उतारावर खडी साठलेली असते, अमुक ठिकाणी जाळीत चाक जातं, तमुक चौकात वळणाऱ्या गाड्या बघतच नाहीत. ही सगळी माहिती लोकांच्या डोक्यात असते आणि डोक्यातच राहते. रस्ता ज्यांच्या ताब्यात आहे त्या खात्याकडे काय असतं, तर पोलिसांत नोंदलेले अपघात. आता सायकलवाला पडला, गुडघा फुटला, उठून हँडल सरळ केलं आणि घरी गेला, तर त्याची नोंद कुठे होणार? गाडीचा धक्का न लागता एकट्यानेच पडलेले तर जवळपास सगळेच या नोंदीतून सुटतात. मग कागदावर तो चौक एकदम सुरक्षित दिसतो आणि पैसे दुसरीकडे खर्च होतात.

मी रोज सायकलने कामाला जातो, आणि गेली काही वर्षं आम्ही पाच-सहा जण मिळून असे ऑनलाइन रिपोर्ट गोळा करतो, त्यांची छाननी करतो आणि रस्ते खात्याकडे घेऊन जातो. त्यातून जे हाताला लागलं ते इथे लिहितोय. काही जणांना फक्त रिपोर्ट टाकायचे असतील, काहींना आपल्या भागात असं काम सुरू करायचं असेल, दोघांनाही उपयोग व्हावा असं लिहायचा प्रयत्न आहे.

कल्पना काही नवीन नाही. ब्रिटनमध्ये मायसोसायटी या संस्थेने २००७ मध्ये फिक्समायस्ट्रीट सुरू केलं. नकाशावर जागा दाखवायची, काय बिघडलंय ते लिहायचं, आणि ती जागा ज्या स्थानिक संस्थेच्या हद्दीत येते तिच्याकडे तक्रार जाते, शिवाय ती सगळ्यांना दिसते. खास सायकलसाठी म्हणाल तर कॅनडातल्या व्हिक्टोरिया विद्यापीठात ट्रिसालिन नेल्सन आणि त्यांच्या टीमने २०१४ मध्ये बाइकमॅप्स सुरू केलं, त्यात धडक किंवा पडणं, थोडक्यात हुकलेला अपघात, रस्त्यावरचा धोका आणि सायकलचोरी अशा वेगवेगळ्या नोंदी करता येतात. मला त्यातलं सगळ्यात मोलाचं काय वाटतं तर "थोडक्यात हुकलेला" याला दिलेली स्वतंत्र जागा. तुमच्या भागात असं काही तयार असेल तर आधी तेच वापरा, नसेल तर एक साधा ऑनलाइन फॉर्म आणि ओपनस्ट्रीटमॅपचा, म्हणजे लोकांनी मिळून बनवलेला मोफत ऑनलाइन नकाशा एवढ्यावर काम सुरू होतं.

काय नोंदवायचं

लोक विचारतात, काही झालंच नाही तर लिहू काय? आमची कसोटी सोपी आहे. तुम्हाला अचानक काहीतरी करावं लागलं का? ब्रेक करकचून दाबला, हँडल झटक्यात वळवलं, पाय टेकला, जीव वाचवायला फूटपाथवर चढलात, उतरून सायकल हातात धरून पुढे गेलात, यातलं काहीही झालं असेल तर तो रिपोर्ट आहे, लिहा. नुसती धडकी भरली असेल तरी लिहा, फक्त मग "धडकी भरली" असंच लिहा, "जवळजवळ मेलो" असं नको, कारण छाननी करणाऱ्याला दोन्हीतला फरक कळायला हवा.

कारखान्यांच्या सुरक्षेच्या कामात ही रीत फार जुनी आहे. अमेरिकेत हाइनरिक यांनी १९३१ मध्ये मांडलं होतं की एका गंभीर अपघातामागे २९ किरकोळ दुखापतीचे आणि ३०० काहीच दुखापत न झालेले प्रसंग असतात. ते आकडे रस्त्याला जसेच्या तसे लावायचे नाहीत, त्यांच्यावर नंतर टीकाही बरीच झाली, पण गंभीर अपघात होईपर्यंत वाट बघण्यापेक्षा हुकलेल्या प्रसंगांवरून जागा ओळखायची ही गोष्ट सायकलला अगदी चपखल लागू पडते. एखाद्या चौकात वर्षात एक अपघात होत असेल तर त्यावरून काही ठरवायला पाच-सात वर्षं लागतील. हुकलेले प्रसंग लिहिले गेले तर तीच गोष्ट काही महिन्यांत दिसायला लागते.

बाकी मग खड्डे, सळई बाहेर आलेला काँक्रीटचा जोड, रस्त्यापेक्षा वर किंवा खाली बसलेली मॅनहोलची झाकणं, ओल्यात घसरणारे रंगाचे जाड पट्टे, अंधार, सायकल ट्रॅकवरचं पार्किंग, मध्येच संपणारा ट्रॅक, सायकल उभी केली तरी न बदलणारा सिग्नल, हे सगळं नोंदवण्यासारखंच आहे. खोदकाम चालू असेल तर तेही लगेच टाका, कारण ते आठवड्यात हलतं आणि मग पुरावाच राहत नाही.

रिपोर्ट लिहायची पद्धत

एक स्वतःचा अनुभव सांगतो. पावसात माझं पुढचं चाक गटाराच्या जाळीत अडकलं. जाळीच्या पट्ट्या रस्त्याच्याच दिशेने उभ्या आणि दोन पट्ट्यांमधली फट माझ्या २८ मिलिमीटरच्या टायरपेक्षा मोठी. चाक आत गेलं, सायकल जागच्या जागी थांबली आणि मी हँडलवरून पुढे. कोपर सोलवटलं, हेल्मेट रस्त्याला घासलं. घरी आल्या आल्या मी रिपोर्ट टाकला, "रस्ता अत्यंत खराब आहे, कोणाचा जीव गेल्यावर जाग येणार का?" काही दिवसांनी उत्तर आलं की पाहणी केली, खड्डा आढळला नाही, तक्रार बंद. खूप चिडलो होतो. पण नंतर शांतपणे वाचलं तेव्हा लक्षात आलं की तिथे खरंच खड्डा नव्हता आणि जाळी हा शब्द मी लिहिलाच नव्हता. मग दुसरा रिपोर्ट टाकला तो साधारण असा होता:

"शाळेच्या गेटसमोर, दिव्याच्या खांबापासून चार पावलं पुढे कडेला गटाराची जाळी आहे. पट्ट्या सायकल जाते त्याच दिशेने आहेत, दोन पट्ट्यांमध्ये माझा अंगठा आडवा जातो. मी पुलाकडून स्टेशनकडे चाललो होतो, संध्याकाळचे साडेसहा, पाऊस. मागून बस आली म्हणून कडेला घेतलं आणि पुढचं चाक जाळीत गेलं. पडलो, कोपराला लागलं. जाळी फिरवून पट्ट्या आडव्या करता आल्या किंवा वरून आडव्या पट्ट्या वेल्ड करता आल्या तर चाक जाणार नाही. फोटो दोन, एकात जाळीवर चाक ठेवून दाखवलंय."

पंधरवड्यात आडव्या पट्ट्या वेल्ड झाल्या. माणसं तीच, खातं तेच.

या दुसऱ्या रिपोर्टात काय काय आहे बघा. नेमकी जागा, कुठून कुठे चाललो होतो, वेळ, हवा, चाकाचं काय झालं, आणि काय केलं तर सुटेल. पण मला विचाराल तर त्यातलं सगळ्यात कामाचं वाक्य "मागून बस आली म्हणून कडेला घेतलं" हे आहे. जाळी तर दिसतेच, पण सायकलवाला त्या जाळीवर गेलाच का हे कोणी सांगितल्याशिवाय कळत नाही, आणि त्याच वाक्याने पुढे आमच्या लक्षात आलं की त्या पट्ट्यात रस्ता अरुंद होतोय. तेव्हा आपण तिथे का होतो हे दरवेळी लिहा.

राग खरा असतो, तो येणारच, लागलेलं असतं. आमच्यातले काही जण आधी एक मेसेज मनासारखा लिहून मित्राला पाठवतात आणि मग दुसऱ्या दिवशी रिपोर्ट लिहितात. ही पद्धत चांगली आहे, फक्त एका दिवसापेक्षा जास्त थांबू नका, बारकावे विसरतात. सायकल चालवताना फोन हातात घ्यायचा नाही हे वेगळं सांगायला नको, बाजूला थांबून व्हॉइस नोट करून ठेवायची, "चौकातून पुढे, तिसरा खांब, पांढरी व्हॅन, दार उघडलं", एवढं बास होतं.

पिन टाकताना फोनच्या भरवशावर राहू नका. मोकळ्या जागेत फोनचा जीपीएस साधारण पाच मीटरपर्यंत चुकतो, उंच इमारतींच्या मध्ये त्याहून बराच जास्त. चौकात एवढी चूक म्हणजे पिन थेट दुसऱ्या रस्त्यावर जाऊन बसते आणि मग इंजिनिअर भलत्याच कोपऱ्यावर उभा राहून काहीच नाही म्हणून परत जातो. उपग्रहाचा नकाशा मोठा करून बोटाने पिन ओढून बरोबर जागी ठेवा आणि सोबत एक पक्की खूण लिहा, खांब, गेट, बसथांबा, जे हलत नाही असं. अक्षांश-रेखांश आकड्यात देत असाल तर दशांशानंतर पाच अंक द्या, पाचव्या अंकापर्यंत गेलं की जागा साधारण एका मीटरपर्यंत पक्की होते, चौथ्यावर थांबलात तर तेच अकरा मीटरपर्यंत जातं.

फोटो दोन पुरतात. एक लांबून, ज्यात आजूबाजूचं ओळखू येईल, आणि एक जवळून, ज्यात मापासाठी चाक, बाटली, बूट असं काहीतरी ठेवलेलं असेल. खड्ड्याची खोली फोटोत कधीच नीट कळत नाही म्हणून ही धडपड. आणि मेसेजिंग ॲपवरून फोटो साधा पाठवला की त्यातली जागेची आणि वेळेची माहिती बहुतेक वेळा निघून जाते, म्हणून फोटो थेट फॉर्ममध्ये टाका किंवा फाइल म्हणून पाठवा. फोटोसाठी वाहत्या रस्त्यात मात्र उभं राहू नका, रविवारी पहाटे जाऊन काढा, जाळी कुठे पळून जात नाही.

सगळ्यांना दिसणाऱ्या नकाशावर टाकताना चेहरे आणि गाड्यांचे नंबर झाका. ड्रायव्हरवर कारवाई हवी असेल तर तो व्हिडिओ पोलिसांकडे वेगळा द्यायचा, त्यासाठी मूळ फाइल न कापता जपून ठेवायची. आणि तुम्ही आख्ख्या फेरीचा ट्रॅक, म्हणजे फोनने नोंदवलेला मार्ग, जोडत असाल तर सुरुवातीचे आणि शेवटचे काहीशे मीटर कापून टाका, नाहीतर घर कुठे आणि चांगली सायकल रोज किती वाजता कुठे लागते हे सगळ्या जगाला कळतं.

घासून जाणाऱ्या गाड्यांचं काय

सगळ्यात जास्त रिपोर्ट याचेच येतात आणि सगळ्यात जास्त वायाही हेच जातात, कारण लोक गाडीचा रंग आणि ड्रायव्हरचे संस्कार लिहितात पण जागा लिहीत नाहीत. जर्मनीत २०२० पासून गाडीने सायकलला ओलांडताना गावात किमान दीड मीटर आणि गावाबाहेर दोन मीटर अंतर ठेवायचं असं नियमात स्पष्ट लिहिलंय. इंग्लंडमध्ये वेस्ट मिडलँड्स पोलिसांनी २०१६ मध्ये साध्या कपड्यातला पोलीस सायकलवर पाठवायला सुरुवात केली, जो फार जवळून गेला त्याला पुढे थांबवून समजावायचं, गरज पडली तर खटला. म्हणजे कारवाई होऊ शकते, पण त्यांनाही कुठल्या रस्त्यावर, किती वाजता सायकल पाठवायची हे आधी कळावं लागतं, आणि ते तुमच्या रिपोर्टांतूनच कळतं.

अंतर डोळ्यांनी सांगताना प्रत्येकाचं वेगळं येतं, त्यामुळे "हात लांब केला असता तर आरशाला लागला असता" असं लिहिलेलं "खूपच जवळून" पेक्षा बरं. ज्यांना स्वतः हाताने वस्तू बनवायची आवड आहे त्यांच्यासाठी ओपनबाइकसेन्सर नावाचं उपकरण आहे, त्याची रचना खुली आहे, म्हणजे कोणीही ते बनवू शकतं, ते अल्ट्रासोनिक लहरींनी बाजूने जाणाऱ्या गाडीचं अंतर मोजतं आणि जीपीएसने जागा नोंदवतं. बर्लिनच्या टेक्निकल युनिव्हर्सिटीने सिमरा नावाचं ॲप केलंय, ते फोनमधल्या सेन्सरवरून झटका, अचानक ब्रेक असले प्रसंग हुडकतं आणि फेरी संपल्यावर तुम्हाला विचारतं की इथे काय झालं होतं. अशा मोजलेल्या आकड्यांपुढे "तुम्हाला उगाच वाटतं" हे उत्तर देता येत नाही.

आणि एकाच ठिकाणी वेगवेगळ्या वीस गाड्या घासून जात असतील तर दोष वीस ड्रायव्हरांपेक्षा त्या जागेत शोधा. बहुतेक वेळा तिथे रस्ता अचानक अरुंद होतो, डिव्हायडर फुगतो, किंवा पार्किंगमुळे सायकल आत ढकलली जाते. पार्किंगच्या बाजूला तर आणखी एक गोष्ट, उघडलेलं दार जवळपास मीटरभर बाहेर येतं, म्हणजे त्या गाड्यांना चिकटून काढलेला सायकलचा पट्टा हा दारांचाच पट्टा असतो. असा पट्टा दिसला तर कोणी पडलं नसलं तरी नोंदवा.

रिपोर्ट गोळा करणाऱ्यांसाठी

फॉर्म लहान ठेवा. जागा, दिशा, तारीख-वेळ, काय झालं, लागलं का, फोटो. यापुढचा प्रत्येक प्रश्न काही लोकांना परत पाठवतो. नाव-फोन ऐच्छिक ठेवा, पण मागे संपर्क करता येईल असं काहीतरी मागा कारण निम्म्या रिपोर्टांमध्ये एक गोष्ट विचारायची राहतेच.

रोज एकदा तरी कोणीतरी सगळे नवे रिपोर्ट वाचायलाच हवेत. मॅनहोलचं झाकण गायब, विजेची तार लोंबतेय, अशा गोष्टी नकाशावर रंगीत ठिपका होऊन पडून राहणं हा गुन्हा आहे, त्या त्याच मिनिटाला फोन करून सांगायच्या. हे काम कोणाकडे आहे हे नावानिशी ठरलेलं असू दे.

एकाच जागेचे दोन रिपोर्ट आले की नवशिके दुसरा डिलीट करतात. अजिबात करू नका! दहा माणसांनी एकच जागा सांगितली हीच तर ताकद आहे. आम्ही वीस-तीस मीटरच्या आतले रिपोर्ट एका गठ्ठ्यात घालतो, पण चौकात मात्र दिशेप्रमाणे वेगळे ठेवतो, कारण एकाच चौकात एका बाजूने येणाऱ्याला सिग्नलचा त्रास असतो आणि दुसरीकडून येणाऱ्याला वळणाऱ्या ट्रकचा. मग गठ्ठा उघडून ओळीने वाचायचा. आकडे नंतर, आधी वाचायचं.

याचं एक उदाहरण देतोच, कारण त्याने माझी काम करायची पद्धत बदलली. एका वळणावर सहा-सात रिपोर्ट होते, सगळ्यांनी "खड्डा" लिहिलेलं. खात्याचा माणूस येऊन गेला, आम्हीही गेलो, भर दुपारी, खड्डा नाही. रस्त्यापेक्षा थोडं वर आलेलं एक झाकण होतं, दोन बोटं असेल, पण लांबून दिसत होतं आणि सगळे आरामात चुकवत होते. परत आल्यावर आमच्यातल्या एकीने वेळेचा रकाना बघितला, सगळे रिपोर्ट संध्याकाळी सातनंतरचे. मग रात्री गेलो. दिवा चालू होता पण झाडाची फांदी बरोबर त्याच्या खाली आलेली, तिची सावली झाकणावर पडत होती, आणि झाकण सावलीत एवढं बुडालेलं की आम्ही शोधत गेलो असूनही पहिल्यांदा चाक त्यावरच गेलं. पत्रात दोन गोष्टी मागितल्या, फांदी छाटा आणि झाकणाभोवती डांबराचा उतार द्या. फांदी लगेच छाटली, डांबराला वेळ लागला. वेळेचा रकाना नसता तर आम्ही ते सात रिपोर्ट चुकीचे म्हणून बाजूला ठेवले असते.

गठ्ठे झाले की ते कोणाच्या टेबलावर जाणार याप्रमाणे वाटायचे. खड्डे, झाकणं, खडी, दिवे हे दुरुस्तीवाल्यांकडे. रस्त्याची आखणीच चुकलेली असेल, म्हणजे कोपरा इतका मोठा गोल की गाड्या वेग न कमी करता वळतात, किंवा ट्रॅक नेमका चौकाच्या आधी संपतो, तर ते वाहतूक नियोजनाकडे. पार्किंग, वेग, घासून जाणं हे पोलिसांकडे. खोदकामाचं ठेकेदार आणि ज्याने परवानगी दिली तो, दोघांकडे. आणि रस्ता नक्की कोणाच्या मालकीचा आहे हे पत्र लिहायच्या आधी शोधा, एकाच रस्त्याचा अर्धा भाग एका खात्याकडे आणि अर्धा दुसऱ्याकडे असतो, आणि चुकीच्या खात्याला दिलेलं पत्र तीन महिने खातं.

जे रिपोर्ट करत नाहीत त्यांचं

हा भाग कृपा करून सोडू नका. ऑनलाइन रिपोर्ट टाकणारे कोण असतात, तर हातात चांगला फोन असलेले, टायपिंगची सवय असलेले, बहुतेक मोठी माणसं. शाळेत जाणारी मुलं टाकत नाहीत. पहाटे कामावर सायकल दामटणारा माणूस टाकत नाही, त्याला वेळ नाही आणि असं काही असतं हेही माहीत नसतं. त्यामुळे नकाशावर जिथे ठिपके जास्त तिथे धोका जास्त असं सरळ समीकरण मांडलं की सुखवस्तू भागातल्या रस्त्यांचीच कामं होत राहतात.

यावर आम्ही दोन गोष्टी करतो. कागदी फॉर्म घेऊन शाळेच्या, कारखान्याच्या सायकल स्टँडवर उभं राहतो आणि लोक सांगतील ते आपण लिहून घेतो, मोठा नकाशा पसरून ठेवला की मुलं भराभर बोट ठेवतात, मोठ्यांना लाजायला होतं त्यापेक्षा कितीतरी लवकर. दुसरं म्हणजे "तुम्ही कुठला रस्ता टाळता" हा प्रश्न विचारतो. सगळ्यात वाईट रस्त्यावर एकही रिपोर्ट नसतो कारण तिथे कोणी सायकल नेतच नाही. लोक एक किलोमीटर जास्त फिरून जात असतील तर तो वळसा हाच रिपोर्ट.

आणि मोजणी करा. एका चौकात दहा रिपोर्ट आणि दुसऱ्यात पाच, पण पहिल्यातून रोज हजार सायकली जातात आणि दुसऱ्यातून शंभर, तर जास्त धोका कुठे? सकाळी पाऊण तास आणि संध्याकाळी पाऊण तास उभं राहून कागदावर रेघा ओढल्या तरी अंदाज येतो. सगळ्या चौकांत तेवढाच वेळ आणि तीच वेळ ठेवा म्हणजे तुलना करता येते.

जागेवर जाणं आणि मागणी मांडणं

रिपोर्टांच्या जोरावर पत्र लिहायच्या आधी जागेवर जायचंच, त्याच वेळी, त्याच दिशेने, सायकलवर. शक्य असेल तर इंजिनिअरलाही बोलवा. आमचा अनुभव असा की ऑफिसात बसून अर्धा तास वाद घालण्यापेक्षा त्यांना दहा मिनिटं त्या कडेला उभं केलं की बोलणंच बदलतं. ताशी ५० किलोमीटरने येणारी गाडी एका सेकंदात जवळपास १४ मीटर पुढे येते, हे टेपने जमिनीवर आखून दाखवा, वळणावर किती लांबून सायकल दिसते तेही आखा, आणि दोन्ही रेघा शेजारी शेजारी बघू द्या.

मागणी एका पानात मांडा. वर नकाशा आणि फोटो, खाली रिपोर्ट किती आणि किती काळातले, लोकांच्याच शब्दांतली दोन-तीन वाक्यं, आपण जागेवर काय बघितलं, आणि मग मागणी. मागणीत दोन टप्पे ठेवा, एक जे पुढच्या महिन्यात होऊ शकतं, रंग, खांब, फांदी, झाकण, आणि एक जे पुढच्या वेळी रस्ता उकरतील तेव्हा करायचं. फक्त मोठी मागणी असली की ती पुढच्या बजेटवर जाते आणि तोवर लोक पडतच राहतात.

आणि उपाय नीट शोधला तर तो कधीकधी अगदी साधा निघतो. अमेरिकेत नॉक्सव्हिलमध्ये सायकलचा रस्ता रेल्वेचे रूळ फार तिरपे ओलांडत होता, चाक रुळाच्या फटीत जाऊन माणसं पडायची. टेनेसी विद्यापीठातल्या संशोधकांनी तिथले व्हिडिओ बघून कोण कुठल्या कोनात रूळ ओलांडतो आणि कोण पडतो ते तपासलं, कोन जितका कमी तितकं पडणं जास्त असं दिसलं. रस्त्याला एक वळसा देऊन सायकल रुळांना जास्त काटकोनात आणून सोडली आणि प्रश्न सुटला. असल्या पडण्यांत समोर गाडीच नसते, म्हणून ही कळायला पडणाऱ्याने सांगणं किंवा कॅमेऱ्याने बघणं एवढेच दोन मार्ग आहेत.

काम झाल्यावर

दुरुस्ती झाली की एक-दोन महिन्यांत रिपोर्ट कमी झाले म्हणून लगेच जाहीर करू नका. आपण जागा निवडतोच मुळी तिथे जेव्हा रिपोर्ट खूप आलेले असतात तेव्हा, आणि वाईट महिन्यानंतर साधा महिना काही न करताही येतो. आधीचं एक वर्ष आणि नंतरचं एक वर्ष असं तोला, जमलं तर तसाच एक चौक जिथे काम झालं नाही तोही शेजारी ठेवा, आणि सायकली परत मोजा. उलटंही होतं, रस्ता चांगला झाला की जास्त लोक येतात आणि रिपोर्ट वाढतात, किंवा तुमच्या कामाची बातमी पसरली की वाढतात. मोजणी असेल तरच यातला फरक सांगता येतो, नाहीतर खातं म्हणणार की तुमचं ऐकून केलं आणि वाढलंच की.

ज्यांनी रिपोर्ट दिला त्यांना प्रत्येक टप्प्यावर एक ओळ तरी कळवा, मिळालं, जागेवर जाऊन आलो, पत्र दिलं, उत्तर आलं, नकार आला तर नकार आला. कळवणं बंद झालं की तीन महिन्यांत लोक लिहायचे थांबतात, हे आमच्याकडे एकदा झालंय आणि परत विश्वास बसायला वर्ष गेलं. नकाशावर "काम झालं" ही खूण आम्ही खात्याच्या पत्रावरून करत नाही. ज्याने रिपोर्ट टाकला होता त्यालाच विचारतो, तो त्याच वेळी, त्याच दिशेने परत एकदा तिथून सायकल चालवतो, पाण्याचा प्रश्न असेल तर पाऊस पडायची वाट बघतो, आणि त्याने सांगितलं की मगच ठिपका हिरवा होतो.